ओढ्याच्या वरच्या अंगाला

प्रिय मित्रा,

लांबच्या प्रवासाहून परत आल्यापासून कशातच जीव रमत नाही म्हणतोस. साहजिक आहे. लांबून आल्यावर मलाही घराजवळच्या साऱ्या वाटा पाठ झाल्यासारख्या वाटायच्या. मग अलास्टेअर हम्फ्रीज या ब्रिटिश भटक्याबद्दल वाचलं. या पठ्ठ्याने २००१ ते २००५ या काळात सायकलवर सुमारे ७४,००० किलोमीटर पालथे घातले, आणि पुढे एक अख्खं वर्ष घराभोवतीच्या एकाच नकाशात काढलं. वीस किलोमीटर लांब, तेवढाच रुंद. त्यात एकेक चौरस किलोमीटरचे ४०० चौकोन. आठवड्याला एक, तोही नशिबाने निघेल तो. मला हे फार आवडलं. एरवी आपण कामापुरते बाहेर पडतो आणि कामापुरतंच बघतो.

मी ओढा धरला. वर्षानुवर्षं ज्याच्यावरून गाडी नेली, त्या पुलाखालचा. पाणी येतं कुठून, ते सापडेपर्यंत काठ सोडायचा नाही. सुरुवातीला नुसता चिखल आणि प्लास्टिक. मग पाणी एका मोरीत गडप झालं, ते पलीकडे कुठे निघतं हे शोधण्यात दुपार गेली. शेवटी हाती काय लागलं, तर खडकाच्या बुडाशी वीतभर ओल! पण त्या ओल्या मातीत ठसे होते. गोल, आणि नखं न उमटलेले. म्हणजे कुत्रा नव्हे, मांजराच्या कुळातलं कुणीतरी.

येताना अंधार पडला. बॅटरी मुद्दाम लावली नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मधेच मोबाईल उघडलास की पुन्हा पहिल्यापासून. अंधुक वस्तूकडे थेट न बघता जरा बाजूला बघायचं, मग ती दिसते. पायवाट मला अशीच सापडली.

हे तुझ्या प्रवासाच्या तोडीचं आहे असं मी म्हणणार नाही. अनोळखी भाषेची ती धास्ती इथे कुठली? पण एका बाबतीत इथे जास्त कस लागतो. तिकडे पाऊस आला तरी पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसतं. इथे कोरडे कपडे हाकेच्या अंतरावर असतात. (म्हणून मी घरी सांगूनच निघतो, जेवायला थांबू नका!)

नोकरीचं कारण सांगू नकोस. पाचला सुटून सकाळी नऊला हजर व्हायचं, तर मधे सोळा तास उरतात. हाही हम्फ्रीजचाच हिशेब. ओढ्याला वरच्या अंगाला एक फाटा मिळतो, तो बघायचा राहिलाय. शुक्रवारी संध्याकाळी ये. भिजले तरी चालतील असे बूट घाल, अंथरायला काहीतरी आण, आणि कृपा करून रस्ता आधी मोबाईलवर बघून येऊ नकोस.

तुझाच,
मित्र