स्मिता पाटील यांचे मराठी चित्रपट वाचवा: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

१७ ऑक्टोबर २०३० रोजी स्मिता पाटील यांची ७५ वी जयंती येते आहे. त्या दिवशी समारंभ व्हावा असं मलाही मनापासून वाटतं. पण त्याआधी एक काम व्हायला हवं, म्हणून हे पत्र. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सर्वसाक्षी’ आणि ‘उंबरठा’ या त्यांच्या चार मराठी चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह (ज्यांवरून प्रती काढतात त्या कॅमेऱ्यातल्या फिल्म) कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत, याचा शोध सरकारने स्वतः घ्यावा आणि हे चित्रपट नीट दुरुस्त करून लोकांसमोर आणावेत.

मी धुळे जिल्ह्यातला आहे. स्मिताताईंचे वडील शिवाजीराव पाटील आमच्या शिरपूरचे, त्यामुळे स्मिताताईंबद्दल आम्हाला घरच्या माणसासारखी ओढ आहे. पण ही मागणी फक्त त्या ओढीपोटी नाही. त्या गेल्या तेव्हा अवघ्या ३१ वर्षांच्या होत्या. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या या मुलीला श्याम बेनेगलांनी सिनेमात आणलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी दोन राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री, एवढं सगळं झालं. मृणाल सेन यांनी त्यांना बंगालीत बोलावलं, केतन मेहतांनी गुजरातीत, अरविंदन यांनी मल्याळममध्ये. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ केला, त्यातली झुरिया त्यांचीच.

आणि मराठीतलं त्यांचं काम आज आपण कशावर पाहतो? मोबाइलवर, कुणीतरी चढवलेल्या फिकट प्रतींवर.

‘जैत रे जैत’ १९७७ चा. नवऱ्याला सोडून आलेली, नायक नाग्याच्या जिद्दीला आपली जिद्द जोडणारी ठाकर बाई, चिंधी. तिची चाल, डोंगर चढताना अंगात येणारा जोर, उन्हात तापलेला सावळा रंग, हीच ती भूमिका. गोऱ्या रंगाला भुललेल्या पडद्यावर त्यांनी तो सावळा रंग ताठ मानेने मिरवला. त्या काळच्या रंगीत फिल्ममधले रंग वर्षांगणिक विरत जातात आणि चित्रावर गुलाबी-तांबूस झाक चढते. मग चिंधीचा वर्णही जातो आणि डोंगराचा हिरवाही. फिल्मचा पाया ॲसिटेट या प्लास्टिकचा असेल तर तो उष्ण-दमट हवेत कुजायला लागतो, डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो, पट्टी आकसते. एकदा हे सुरू झालं की थांबवता येत नाही, थंड आणि कोरड्या कोठारात ठेवून फार तर लांबवता येतं. म्हणून मी पाच वर्षांनी नाही, आत्ता लिहितो आहे.

‘उंबरठा’ची गोष्ट आणखी जवळची. घर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक व्हायला निघालेली सुलभा महाजन. मला वाटतं, मराठी पडद्यावर इतकी एकटी आणि इतकी ठाम बाई त्याआधी क्वचितच दिसली. तिचं बरंचसं बोलणं डोळ्यांत आणि आवळलेल्या ओठांत आहे. काळवंडलेल्या प्रतीत ते दिसतच नाही. आजच्या कॉलेजातल्या मुलींना मी हा चित्रपट बघा म्हणतो, तेव्हा त्यांना सुलभा भेटत नाही, तिची सावली भेटते.

हे काम होऊ शकतं, याचा पुरावा समोर आहे. गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केलेला ‘मंथन’ हा चित्रपट, जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केला आणि मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. चित्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून घेतलं, आवाज मात्र एका जुन्या प्रिंटवरून घ्यावा लागला. त्या कामामागे गुजरातचा दूध संघ उभा राहिला. मराठी चित्रपटांमागे महाराष्ट्र सरकारने का उभं राहू नये? नव्या चित्रपटांना आपण अनुदान देतो, ते द्यायलाच हवं. त्याच्या शेजारी जुन्या चित्रपटांच्या जतनासाठी कायमची वेगळी तरतूद असावी. हक्क निर्मात्यांकडे किंवा त्यांच्या वारसांकडे असतात, त्यामुळे एखादी फिल्म सोसायटी किंवा कॉलेज हे काम करू शकत नाही. सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं सरकारलाच जमेल.

दुरुस्त झालेल्या प्रती फक्त महोत्सवांत फिरू नयेत. शिरपूर, पाथर्डी, कर्जतच्या ठाकरवाड्या, जिल्ह्याजिल्ह्यातली महिला वसतिगृहं, इथेही त्या पोचाव्यात.

आणखी एक विनंती केंद्राकडे पाठपुरावा करण्याची. २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या वर्षांतलं नेमकं काय शिल्लक आहे, याची यादी दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जाहीर करावी. बातम्या वाचणाऱ्या स्मिताताईंचं एखादं मिनिट जरी कुठल्या टेपवर उरलं असेल, तर ते मराठी माणसाला पाहायला मिळायला हवं. नसेल, तर तसं स्पष्ट सांगितलं जावं.

या चार चित्रपटांची सद्यस्थिती आणि कामाची मुदत आपण जाहीरपणे सांगावी, ही विनंती.

आपला,
शिरपूर तालुक्यातला एक प्रेक्षक