मल्हार नाव ठेवायचं तर

चि. सायली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाळाचं नाव मल्हार ठेवायचं म्हणतेस, फार छान. मात्र बारशाला कुणी अर्थ विचारला तर ‘पावसाचा राग’ एवढंच सांगून थांबू नकोस. आपल्याकडे हे नाव जेजुरीचं आहे.

मल्ल अधिक अरि, मल्लारि: मल्ल दैत्याचा शत्रू, म्हणजे खंडोबा. मणी आणि मल्ल या भावांवरचा त्याचा विजय आपण चंपाषष्ठीला साजरा करतो. बोलण्यात मल्लारिचं मल्हारी झालं, मल्हार हे त्याचंच आखूड रूप. कर्नाटकात हाच देव मैलार म्हणून पुजतात. मल्हारराव होळकर 1693 मध्ये जन्मले, जेजुरीजवळच्या होळ गावी. त्यांच्या मुलाचं नाव खंडेराव. बाप-लेक दोघांची नावं एकाच देवाची! पावसाचा तिथे काही संबंध नव्हता.

पुढे ‘राव’ लावलेली नावं शहरात जड वाटू लागली. मल्हारी, खंडू, मार्तंड ही नावं आजोबांच्या पिढीत राहिली. परतला तो एकटा मल्हार. राव गळल्यावर नाव सुटसुटीत झालं, रागाचा गोडवा आयता मिळाला, आणि 2014 मध्ये खंडोबावरची मालिका सुरू झाल्यावर ते घराघरात ऐकू आलं. खंडेराव ठेवायला मात्र अजून कुणी धजत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. किती भारदस्त नाव!

आता नोंदणीचं. जन्माची नोंद 21 दिवसांत होऊ दे. नाव ठरलं नसेल तर ती नावाशिवायही होते. नंतर वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. अर्जावर नाव देवनागरी आणि इंग्रजी दोन्हींत तू स्वतः लिही. टाइप करताना ल पूर्ण पडून ‘मलहार’ होतं, इंग्रजीत कुणी दोन एल घालतं. दाखला छापण्याआधी अक्षर न् अक्षर वाच, कारण आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे तीच चूक पुढे जाते. उच्चारही कोल्हापुरातल्या ‘ल्हा’सारखा, म-ल्हार. ‘मल-हार’ म्हणणाऱ्याला लगेच दुरुस्त कर.

म हे मघा नक्षत्राचं अक्षर. बाळाचं नक्षत्र दुसरं निघालं तर गुरुजी सांगतील ते नाव पत्रिकेत राहू दे, पाळण्यात मल्हारच म्हणा.

तुझी,
आई