डॉक्टर ताई, तुमची फी राहिलीय

डॉक्टर ताई, सप्रेम नमस्कार.

आई हॉस्पिटलातून घरी आली. सुनेला मेथी कशी निवडायची ते शिकवतेय, म्हणजे बरी आहे असंच समजा. फोनवर आभार मानायला गेले तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून आता चारचौघांत लिहितेय.

आमच्याकडे निसर्गोपचाराचं वेड जुनं. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला आश्रम काढला, आईचं माहेर तिथून जवळच. त्यामुळे पडसं म्हटलं की मिठाच्या गुळण्या, वाफ, पेज आणि झोप. एरवी तेवढं पुरतंही. साधं पडसं आठवड्याभरात आपलं आपण जातं, आणि त्याचा विषाणू अँटिबायोटिकला भीक घालत नाही. पण हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना कोण सांगणार? मोबाइलमधून मान वर न करता त्यांनी तीच ती गोळी लिहून दिली. ताप हटेना, तर म्हणे "वय झालंय, चालायचंच." दुसरीकडे नातेवाईकांचा काढा: सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, सगळं मुठीनं. खोकला राहिला बाजूला, पोटात नुसती आग.

मग तुम्ही आलात, आमच्या निसर्गोपचाराच्या डॉक्टर. आईला वाटलं, आता मातीची पट्टी ठेवणार. तुम्ही उशाशी बसून तिचं मनगट धरलंत. आम्ही समजलो, नाडी बघताय. पण नजर होती पदराच्या वरखाली होण्यावर, मधूनच सेकंदकाट्यावर. अख्खा मिनिटभर. मग स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणालात, "श्वास तीस पडतायत, वीसच्या आत हवेत. मोजतेय असं कळलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून नाडीचं निमित्त केलं. हे माझ्या वाफेचं काम नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

फ्लू होता, आणि न्यूमोनियाही. पुढचं सगळं हॉस्पिटलनं केलं, त्यांचेही उपकार आहेतच. पण तो मिनिट कुणी दिलाच नव्हता हो! ज्यांच्याकडे मोठमोठ्या पदव्यांच्या पाट्या आहेत त्यांनीही नाही. "माझ्या शास्त्रात सगळ्यावर इलाज आहे" म्हणणारे गल्लोगल्ली भेटतात. पेशंटच्या घरी उभं राहून "हे माझं काम नाही" म्हणायला वेगळीच नियत लागते. अशी माणसं आहेत म्हणून तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करावासा वाटतो.

आईनं हॉस्पिटलातही मिठाच्या गुळण्यांचा हट्ट धरला होता, तिथल्या डॉक्टरांनी हसून हो म्हटलं. आणि फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, हे आम्ही सांगून थकलो होतो. तुम्ही एकदा सांगितलंत तर बाई पावसाळ्याआधी घ्यायला तयार!

त्या दिवशीची फी तुम्ही घेतली नाहीत. रविवारी आईला घेऊन येतेय द्यायला. मेथीची जुडीही असेल, नाही म्हणू नका.

तुमची,
उरुळीवाल्या आजींची लेक