गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आई-बाबांना

ती. बाबा आणि सौ. आईस सा. न. वि. वि.

बाबा, मायना बरोबर घातलाय बघा, आता पुढे शुद्धलेखन काढत बसायचं नाही. नाईट संपवून आत्ताच घरी आलेय, पाय बादलीत गरम पाण्यात सोडलेत आणि हे टाईप करतेय. फोनवर सांगून काही उपयोग होत नाही हे तीनदा बघितलं, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, मग शेजारच्या काकू मधेच "माझ्या जावेचं पण झालं ना" म्हणून सुरू होतात आणि आई म्हणते जाऊ दे गं, तू जेवलीस का. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा तुम्ही खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून फाईलला लावणार हे मला माहितीये, डेपोतली सवय जाते थोडीच, लावा खुशाल.

आई, तुला भुलीची भीती वाटते, टाक्यांची वाटते, त्या गुडघ्यात बसवायच्या धातूच्या वाटीची पण वाटते. मला यातल्या एकाचीही तेवढी नाही वाटत. मला भीती आहे ती ऑपरेशन छान झाल्यावर, सगळे पेढे वाटून मोकळे झाल्यावर पायात होणाऱ्या रक्ताच्या गुठळीची. आमच्या वॉर्डात सगळे डीव्हीटी म्हणतात.

आपल्या चाळीतला पाण्याचा पंप आठव. खालच्या टाकीतलं पाणी तिसऱ्या मजल्यावर आपोआप नाही चढत, मोटर चालू करावी लागते. पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायचं काम पोटरी करते, आपण चाललो की ती आवळते आणि रक्त वर ढकलते, आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस पलंगावर पडून राहिला की मोटर बंद. व्हर्चो नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५० च्या दशकातच गुठळीच्या मुळाशी काय असतं ते मांडलं होतं आणि आजही नर्सिंगला तेच शिकवतात, रक्त तुंबणं, शिरेला आतून इजा होणं आणि रक्तच गोठायला टपलेलं असणं. गुडघा बदलताना तिन्ही एकदम होतं. मांडीला बऱ्याचदा पट्टा आवळून रक्त थांबवतात, हाड कापतात, आणि एवढी जखम झाली की शरीर स्वतःच रक्त गोठवायच्या मागे लागतं. मग पोटरीत गुठळी झाली आणि ती सुटून वर गेली तर हृदयातून थेट फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते.

आत्याचं तेच झालं होतं ना.

बाबा, तुम्हाला तो विषय आवडत नाही, पण लिहिणार आहे. गर्भपिशवीचं ऑपरेशन करून आत्या आपल्याकडे आली होती, कोणत्या हॉस्पिटलात ते जाऊ दे, घरी सोडताना कोणी एक शब्द सांगितला नव्हता. आपण सगळ्यांनी तिला आठ दिवस पलंगावरून हलू दिलं नाही. चहा हातात, जेवण हातात, "टाके ओले आहेत, उठू नकोस." मग डावी पोटरी दुखायला लागली, सुजली, हात लावला तर गरम लागायची, आणि मी, मी स्वतः, निलगिरीचं तेल कोमट करून अर्धा तास चोळून दिली. तेव्हा कॉलेजात होते, काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीच्या टोकाच्या संडासातून परत येताना ती मधेच खाली बसली, ओठ काळेनिळे, श्वास लागलेला. मंडळाच्या पोरांनी खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणली आणि टॅक्सीत घातली. चोळल्यामुळेच ती गुठळी सुटली असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मीही सांगत नाही, पण सुजलेली पोटरी चोळायची नसते हे आता मी रोज पाच जणांना सांगते आणि दर वेळी त्या तेलाचा वास येतो.

वाचली म्हणून बरं. पण नंतर सहा महिने वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, रक्त किती हळू गोठतंय ते बघायची सारखी ती आयएनआरची टेस्ट, आकडा दोन ते तीनच्या मधे ठेवायचा, अळू-पालक-मेथी एकदम वाढवायची नाही आणि एकदम बंद पण नाही. आणि तिचा तो पाय आजही संध्याकाळी सुजतो, घोट्याजवळ कातडी काळपट झालीये, साडीखाली दिसत नाही एवढंच.

आता तुमच्यासाठी हिशोब, बाबा. आमच्याकडे पेशंटचा कॅप्रिनी स्कोअर काढतात, गुठळीचा धोका किती त्याचे मार्क. सांधा बदलायचं ऑपरेशन म्हणून ५ मार्क, आईचं वय ६८ म्हणून २, वजन जास्त म्हणून १, पायावरच्या त्या फुगलेल्या निळ्या शिरांचा १. झाले ९. आणि ५ किंवा वर गेलं की जास्त धोक्यातला पेशंट. आई आयुष्यात पहिल्यांदा मेरिटमध्ये आलीये. घाबरायचं नाही, याचा अर्थ एवढाच की नुसतं देवावर सोडून चालणार नाही, औषध लागणार.

आणि आता ती गोष्ट जी बाबा म्हणाले आईला सांगू नकोस. सॉरी बाबा. आई, ऑपरेशननंतर पोटावर रोज एक छोटं इंजेक्शन देतात, एनॉक्सापॅरिन, रक्त गोठू न देणारं, ४० मिलिग्रॅमचं, साधारण बारा तासांनंतर सुरू करतात कारण कमरेत भूल दिलेली असते आणि सुई टोचलेल्या जागी मणक्यात रक्त साचायला नको. हे इंजेक्शन हेपॅरिनपासून बनतं आणि हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. हो, डुकराच्या. १९१६ साली अमेरिकेत मॅक्लीन नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याच्या हाती ते लागलं तेव्हा कुत्र्याच्या लिव्हरमधून लागलं होतं, नावच लिव्हरच्या ग्रीक शब्दावरून पडलंय, आता डुकरावर चालतं.

तुझ्या गळ्यात माळ आहे, तू अंड्याचा केक आणलेल्या डब्याशेजारी आपला डबा ठेवत नाहीस, आणि मी तुला न सांगता रोज सुई टोचायची? मला नाही जमणार. वॉर्डात पेशंट विचारत नाहीत म्हणून आम्ही सांगत नाही हे खरंय आणि ते मला कधीकधी खटकतं. पण तुला दुसरी बाजू पण सांगते. हे औषध काय करतं ते ज्यांनी मोठ्या प्रमाणात दाखवून दिलं ते लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे सर्जन विजय कक्कर, भारतीय वंशाचे. १९७५ ला त्यांचा अभ्यास आला, चाळिशीच्या पुढचे ४१२१ ऑपरेशनचे पेशंट, निम्म्यांना हेपॅरिनचे छोटे डोस, निम्म्यांना नाही. न दिलेल्यांमधे १६ जण फुप्फुसात गुठळी अडकून गेले, दिलेल्यांमधे २. सोळा आणि दोन. यापुढे मला तरी काही बोलायला उरत नाही.

शिवाय पर्याय आहेत. रिव्हारोक्साबान, अपिक्साबान या गोळ्यांमधलं औषध फॅक्टरीत बनतं, प्राण्यापासून काढत नाहीत, फोंडापॅरिनक्स म्हणून इंजेक्शन पण तसंच आहे. मी डॉक्टरांशी बोलले, ते म्हणाले किडनीचा रिपोर्ट बघून गोळी देता येईल, गुडघ्याला निदान १० ते १४ दिवस, खुबा असता तर ३५ दिवसांपर्यंत. महाग पडते थोडी, तो विषय माझा आहे, त्यात कोणी पडायचं नाही. ठरवायचं तू. बुवांना विचारायचं तर विचार, पण विचारून वेळेत सांग.

गोळी काय इंजेक्शन काय, मधे चुकवायचं नाही. बरं वाटतंय म्हणून सातव्या दिवशी बंद केलं हे आमच्याकडे दर आठवड्याला ऐकते. घरी इंजेक्शन द्यायची वेळ आली तर मी येईन, नाही आले तर बाबा देतील, बेंबीपासून दोन इंच लांब, कातडीची चिमूट धरून सुई सरळ आत, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही तो तसाच असतो, आणि नंतर चोळायचं नाही. निळं पडतं तिथे, चालतं. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, कचरेवाल्या मावशींच्या हाताला लागतात.

रक्त पातळ होतंय म्हणजे रक्त येऊ पण शकतं. आई, केमिस्टकडून परस्पर आणलेल्या त्या दुखण्याच्या गोळ्या बंद, आणि सांध्यांचं ते चूर्ण कुठलं खातेस त्याचा डबाच घेऊन ये डॉक्टरांकडे, नाव आठवत नाही म्हणायचं नाही. बाबांची इकोस्प्रिन पण रक्त पातळच करते, तिची स्ट्रिप वेगळ्या कप्प्यात ठेवा, एकाच डब्यात घातली की घोळ होणार. शी काळी झाली, हिरड्यातून रक्त आलं, टाक्यातून थांबेना, लगेच फोन.

आता मुख्य भांडण. बाबा, तुमचं प्रेम म्हणजे आईला उठू न देणं, मला माहितीये तुम्ही काय करणार, पलंगाशी स्टूल ओढणार, वर पाणी, रेडिओ, चष्मा, सगळं. नका करू. ऑपरेशनच्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी फिजिओ वॉकर धरून उभं करणार, आई ओरडेल, ओरडू दे. घरी आल्यावर आपली गॅलरी आहेच, मुंबईत एवढी लांब सरळ जागा कोणाकडे आहे, सकाळ-संध्याकाळ जोश्यांच्या दारापर्यंत आणि परत. फक्त ती कुंड्यांची रांग हलवा आधी. पलंगावर असेल तेव्हा दर तासाला दहा-वीस वेळा पंजा वर-खाली, पंजा वर-खाली, शिलाई मशीनच्या पायट्यासारखा, चाळीस वर्षं मशीन मारलंस तू, हे तुला शिकवायला नको. गुडघ्याखाली उशी नाही, कितीही बरं वाटलं तरी, घोट्याखाली ठेवायची. हॉस्पिटलात पायाला हवा भरणारे पट्टे लावतील, फुस्स करून आवळतात आणि सोडतात, झोपमोड होते म्हणून काढून ठेवायचे नाहीत. लांब मोजे मात्र मापाशिवाय बाजारातून आणू नका, वर गुंडाळी झाली की दोरीसारखे आवळतात.

आणि पाणी. संडासला जावं लागेल म्हणून तू पाणी पीत नाहीस, लग्नातही हेच करतेस. रक्त घट्ट होतं त्याने. पलंगाजवळ ठेवायला कमोडची खुर्ची मी भाड्याने बोलून ठेवलीये, लाज वाटून घेऊ नकोस, पडदा लावू, पण रात्रीपुरतीच, दिवसा चालत जायचं.

एकच पाय सुजला, पोटरीत ओढ बसल्यासारखं दुखलं, लाल किंवा गरम झाली तर चोळायची नाही, शेकायची नाही, मला फोन. ऑपरेशन केलेला पाय थोडा सुजतोच म्हणून गोंधळ होतो, पण कळत नसेल तरी फोन, सोनोग्राफीत कळतं. आणि अचानक धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, चक्कर आली तर मला फोन नाही, आधी १०८. काकूंचा सल्ला तर अजिबातच नाही. हे सगळं तीन महिने लक्षात ठेवायचं, घरी सोडलं म्हणजे संपलं नाही, कितीतरी जणांना घरी गेल्यावरच होतं. म्हणूनच दिवाळीला कणकवलीला गाडीने जायचं डोक्यातून काढ, दहा-बारा तास पाय दुमडून बसायचं, त्यात तो हायवे. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा बघू.

आत्या येतेय राहायला, तिला मी सगळं सांगितलंय. मला म्हणाली, तू काळजी करू नकोस, वहिनी पलंगावर दिसली तर मी माझा पाय दाखवीन तिला. तेलाची बाटली आणू नकोस म्हटलं तर हसली.

आई, गोळी की इंजेक्शन ते रविवारपर्यंत सांग, सोमवारी माझी डे ड्युटी आहे, डॉक्टर राऊंडला आले की सांगून टाकते. आणि बाबा, गोठण्याच्या टेस्टचे ते जुने रिपोर्ट फाईलमधून काढून ठेवा. पाणी गार झालं, झोपते आता.

तुमची,
छकुली