पाठीवर सिलेंडर असला तरी स्नॉर्कल पाहिजेच

संपादकसाहेब, नमस्कार.

मालवण-तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांमध्ये एक वाद सारखा ऐकायला मिळतो, पाठीवर सिलेंडर असताना स्नॉर्कल (तोंड पाण्यात ठेवून वरची हवा घ्यायची नळी) कशाला, ते टुरिस्ट लोकांचं काम म्हणे. मला हे अजिबात पटत नाही. गेल्या डिसेंबरात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डायव्ह करून वर आलो तेव्हा सिलेंडरमध्ये जेमतेम ३० बार हवा उरलेली, बोट लांब, वारा सुटलेला आणि प्रत्येक लाट तोंडावर फुटत होती, रेग्युलेटर (सिलेंडरची हवा देणारा तोंडातला भाग) काढला की खारं पाणी थेट घशात. मग जॅकेटच्या खिशातलं घडीचं स्नॉर्कल काढून लावलं, तोंड पाण्यात ठेवून शांतपणे श्वास घेत बोटीपर्यंत पोचलो, सिलेंडरमधली हवा तशीच शिल्लक.

आता हेही खरं की मास्कला अडकवलेलं स्नॉर्कल खाली जाळ्यात नाहीतर दोरीत गुंततं, पाण्याला करंट म्हणजे ओढ असली की मास्क ओढतं, बुडालेल्या जहाजात शिरताना तर ते बाहेर लटकलेलं नकोच. पण म्हणून घरी कशाला ठेवायचं, खिशात ठेवा ना! आणि बोटीवरच्या इन्स्ट्रक्टर लोकांनी पण उडी मारायच्या आधी हवा किती आहे बघतात तसं स्नॉर्कल घेतलं का तेवढं विचारावं, ही माझी कळकळीची विनंती.

– एक डायव्हर, मालवण