बेंद्रे चहाला गेले होते

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात इंदूरच्या चित्रकारांवर छान लिहिलंत. देवळालीकर मास्तरांनी 1927 मध्ये सुरू केलेली चित्रशाळा आली, ना. श्री. बेंद्रे आले, एम. एफ. हुसेन आले. घरची माणसं तेवढी राहून गेली, म्हणून हे पत्र.

हुसेन जन्माने पंढरपूरचे, 1915 सालचे. दीड वर्षाचे होते तेव्हाच आई गेली. तिचा चेहरा त्यांना आठवतच नसे. त्यांच्या मदर तेरेसांच्या चित्रांत पदर आहे, चेहरा नाही; त्याचं मूळ तेही इथंच सांगत. वडिलांनी दुसरं लग्न केलं, बिऱ्हाड इंदूरला आलं, आणि पोराला लळा लागला आजोबांचा. आजोबा कंदिलाचं काम करत. तो कंदील आणि आजोबांची काळी छत्री पुढे आयुष्यभर चित्रांत येत राहिली. समीक्षक त्यांवर पानंच्या पानं लिहितात. मला आपला रॉकेलचा वास येतो.

वडील इथल्या कापड मिलमध्ये नोकरीला. मिलबाबूच्या पोरानं मिलबाबूच व्हायचं, असा तो काळ. बेंद्रे इथल्याच मराठी घरातले, हुसेनांपेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठे. त्यांनी या मुलाचं काम पाहिलं, घरी गेले आणि वडिलांशी बोलले. वडिलांनी ऐकलं! हुसेन ही आठवण मोठ्या प्रेमानं सांगत. मला त्यात बेंद्र्यांइतकंच त्या वडिलांचं कौतुक वाटतं. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला रंगांचे भाव बरोबर कळतात.

मी स्वतः तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. एकदा एक पालक फिजिक्सची वही घेऊन आले. मागची सगळी पानं राजवाड्यासमोरच्या कबुतरांनी भरलेली. एकही कबुतर दुसऱ्यासारखं नव्हतं. "सर, याचं हे बंद करा," म्हणाले. मी मान हलवली. बोर्डाचं वर्ष होतं, आणि खरं सांगायचं तर मला वाद नको होता. संध्याकाळी त्यांच्या घरी चहाला जाता आलं असतं. छत्रीबागेतच राहायचे, दहा मिनिटांवर.

मुलगा आता बेंगळुरूला असतो, उत्तम चाललंय. परवा पोह्यांच्या गाडीवर वडील भेटले. ती वही त्यांनी अजून जपून ठेवली आहे म्हणाले.

आपला,
एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, इंदूर