तक्त्यात नसलेले तीन रकाने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रोज जवळ बाळगण्याजोग्या छोट्या कॅमेऱ्यांवरचा लेख वाचला. या विषयावर कुणी लिहितच नाही, म्हणून आधी मनापासून आभार. लेखासोबत सहा कॅमेऱ्यांचा तक्ता होता: मेगापिक्सेल, झूम, व्हिडिओ, पडद्याचा आकार. तो वाचताना बारा वर्षांपूर्वीचा मी मला दिसलो. अगदी असाच तक्ता पुढ्यात ठेवून मी माझा पहिला खिशातला कॅमेरा निवडला होता आणि ती निवड चुकली होती. कॅमेऱ्यात खोट नव्हती. माझ्या दिवसात तो बसत नव्हता, आणि हे मला कुठल्याच तक्त्याने सांगितलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. एकतीस वर्षं झाली. दिवसाला चार-पाच इमारती होतात आणि बराचसा वेळ मशीन रूममध्ये, शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली होते त्या उभ्या पोकळीत, किंवा शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये जातो. फोटो कामाचेही काढतो, पण जीव अडकतो तो निराळ्याच गोष्टींत. जिन्याच्या झरोक्यातून पायऱ्यांवर उतरणारा उजेडाचा पट्टा. लिफ्ट बंद म्हणून चौथ्या मजल्यावर पिशवी टेकवून दम खाणारी आजी. वर्षानुवर्षं बोटं लागून मधोमध झिजलेलं तळमजल्याचं बटण. या गोष्टी वाट बघत थांबत नाहीत आणि त्या दिसतात तेव्हा माझ्या एका हातात हत्यारांची पेटी असते.

फोन आहे की, असं सगळेच म्हणतात. फोनचे कॅमेरे चांगले झालेत, ते मी रोज बघतो. पण माझा फोन माझा एकट्याचा नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा निरोप त्याच फोनवर येतो. दुपारी चार वाजता त्याची बॅटरी फोटोंपायी संपली, तर कुणीतरी बंद केबिनमध्ये ताटकळत बसेल. शिवाय हातमोजा घालून पडद्यावर बोट चालत नाही, आणि मोजा काढला तर बोटाला ग्रीस असतं. कॅमेऱ्याचं बटण मोज्यातूनही दाबता येतं. माझ्यापुरता हा वाद तिथेच संपतो.

आता तक्त्यात नसलेला पहिला रकाना. कॅमेऱ्याची जाडी.

वजन बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं. जाडी असते, पण तळाशी, बारीक अक्षरांत. खरं तर रोज कॅमेरा बरोबर येणार की कपाटात राहणार, हे जाडीच ठरवते. रिको जीआर ३ सुमारे ३३ मिलिमीटर जाड आणि बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅमचा. २०१२ चा पहिला सोनी आरएक्स१०० सुमारे ३६ मिलिमीटर आणि २४० ग्रॅम. तुमच्या लेखात याच दोघांच्या पंगतीला बसवलेला फुजीफिल्म एक्स१००-६ मात्र सुमारे ५५ मिलिमीटर जाड आणि ५२१ ग्रॅमचा आहे. तो उत्तम कॅमेरा आहे, त्याचे फोटो पाहून मीही थबकलोय, पण तो खिशातला नाही, गळ्यातला आहे. गळ्यात काहीही लटकवून शाफ्टमध्ये उतरायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. प्रत्येकाच्या कामाचा असा एखादा नियम असतोच. तो आधी आठवावा आणि मगच तक्ता उघडावा.

खिसा कोणता, हाही प्रश्न त्यातच येतो. माझा पहिला कॅमेरा शर्टाच्या वरच्या खिशात असायचा. एकदा पिटमध्ये वाकून बघायला गेलो आणि तो खिशातून सुटून खाली गेला. तळाला पडलेला त्याचा आवाज मला अजून आठवतो. तेव्हापासून मनगटाच्या दोरीशिवाय मी कॅमेरा हातात घेत नाही आणि वरच्या खिशात तर कधीच ठेवत नाही. आता तो पँटच्या उजव्या खिशात एकटा असतो. किल्ल्या, नाणी, टेस्टर सगळं डावीकडे. असं एक आठवडा करून बघायला कॅमेराही लागत नाही. तेवढ्याच जाडीचा आणि वजनाचा साबणाचा डबा वाळू भरून खिशात ठेवावा. मी दुसरा कॅमेरा घेण्याआधी हेच केलं. तिसऱ्या दिवशी डब्याचा विसर पडला, तेव्हा माप ठरलं.

दुसरा रकाना, खिशातून निघाल्यापासून पहिला फोटो पडेपर्यंतचा वेळ. कंपन्या कॅमेरा सुरू व्हायला किती सेकंद लागतात ते सांगतात. मला त्याआधीचंही मोजायचं असतं. आवरण उघडावं लागतं का, लेन्सचं टोपण काढावं लागतं का, चालू करायचं बटण अंगठ्याला न बघता सापडतं का, आणि हे सगळं एका हाताने होतं का. १९७९ सालच्या ऑलिंपस एक्सए या फिल्म कॅमेऱ्यात योशिहिसा माइतानी यांनी हा प्रश्न फार सुंदर सोडवला होता. पुढचं सरकतं आवरण हेच टोपण आणि तेच चालू-बंद करण्याची कळ. आवरण सरकवलं की कॅमेरा तयार, बंद केलं की खिशात टाकायला मोकळा. वेगळी पिशवी नको, काही हरवायला नको. माझ्या मोठ्या भावाकडे तो होता. आजही एखादा नवा कॅमेरा हातात घेतला की माझा अंगठा नकळत तसंच काहीतरी शोधतो.

वेळ खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे फोकस. अंधाऱ्या जिन्यात ऑटोफोकस पुढेमागे शोधत राहतो आणि तोवर आजी उठून निघून गेलेली असते. इथे जुनी युक्ती कामाला येते. अंतर आधीच लावून ठेवायचं. रिकोच्या जीआर मालिकेत त्यासाठी स्नॅप फोकस आहे, बटण एकदम पूर्ण दाबलं की लेन्स ठरवलेल्या अंतरावर जाते. एपीएस-सी सेन्सर (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप, आणि एपीएस-सी हा त्यातला एक मोठा आकार) आणि २८ मिलिमीटरची, म्हणजे रुंद चौकट असेल, तर एफ/८ वर, म्हणजे लेन्सचं उजेड घेणारं छिद्र (अॅपर्चर) बरंच लहान करून, दोन मीटरचं अंतर लावल्यावर साधारण एक मीटरपासून पार चाळीसेक मीटरपर्यंत सगळं नीट येतं. तोच हिशोब ४० मिलिमीटरच्या, म्हणजे जरा अरुंद चौकटीला लावला, तर पट्टा आक्रसतो, साधारण १.४ ते ३.८ मीटर. हा फरक फार मोठा आहे आणि दुकानात उभं राहून तो कळत नाही. मी दुसरा कॅमेरा ४० चा घेतला आणि ही किंमत जाणून मोजली. का, ते सांगतो.

माझ्या पहिल्या कॅमेऱ्याला झूम होतं. दुसरा घेताना त्याचे वर्षभराचे सहाशेएक फोटो काढून बसलो. कुठला फोटो कुठल्या झूमला काढला, ही माहिती प्रत्येक फोटोसोबत साठवलेली असते. त्यातले चारशेहून जास्त सगळ्यात रुंद टोकाला काढलेले होते. मला वाटलं, ठरलं, आपण २८ ची माणसं. पण मग एक शंका आली. कॅमेरा चालू केला की तो मुळात रुंद टोकालाच उघडतो. हे माझ्या डोळ्याचं मत की त्याच्या सवयीचं? म्हणून त्या चारशेंपैकी किती फोटो मी नंतर कापले होते, ते बघितलं. निम्म्याहून जास्त. दर वेळी कडेचा पसारा काढून टाकलेला आणि मधलं माणूस जवळ आणलेलं. म्हणजे माझा डोळा ४० च्या आसपास बघतो आणि उरलेलं मी घरी जाऊन छाटतो. २८ चा फोटो ४० एवढा कापला की जवळपास निम्मे पिक्सेल जातात. २४ मेगापिक्सेलचे १२ उरतात. छापायला तेही पुष्कळ आहेत, पण फोटो घेतानाच चौकट बरोबर दिसणं ही निराळी गोष्ट आहे. आपल्या वाचकांपैकी कुणी कॅमेरा घेणार असेल, तर त्यांनी इतर काही वाचण्याआधी स्वतःच्या जुन्या फोटोंपुढे अशी एक संध्याकाळ घालवावी. फोनचे फोटो असले तरी चालतील.

सेन्सरबद्दल तुमच्या लेखात ‘एक इंची’ असा शब्द होता, त्याने गैरसमज होईल. त्या सेन्सरची कुठलीच बाजू एक इंच नाही. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो आणि हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांतल्या १/२.३ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर, या ‘एक इंची’चं ११६, आणि एपीएस-सीचं बहुतेक कंपन्यांत ३६५ च्या आसपास. संध्याकाळनंतर किंवा जिन्यात फोटो काढणाऱ्याला मेगापिक्सेलपेक्षा हे आकडे उपयोगी. भर उन्हात, समोरच्या गोष्टीवर सरळ उजेड पडत असताना, तिघांतला फरक फारसा जाणवत नाही. तसं असेल, तर लहान सेन्सरचा झूमवाला कॅमेरा घेण्यात काहीही कमीपणा नाही.

तिसरा रकाना मला सगळ्यात जवळचा, कारण तो यंत्राचा आहे. कॅमेरा तीन वर्षांनी कसा असेल?

लिफ्टची केबिन शाफ्टमध्ये वरखाली होते, तेव्हा ती हवा ढकलते आणि मागून हवा ओढून घेते. फटीफटीतून धूळ आत येते, ती आम्ही वर्षानुवर्षं झाडत असतो. खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स बाहेर येते आणि आत जाते, तेव्हा तिथेही हेच होतं. बाहेर येताना आतली पोकळी वाढते, हवा ओढली जाते आणि तिच्याबरोबर खिशातले कापडाचे बारीक तंतू. त्यातला एखादा कण सेन्सरवर बसला की संपलं. लेन्स सुटी होणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात फुंकणीने हवा मारून तो काढता येतो. इथे लेन्स निघतच नाही, कॅमेरा उघडावा लागतो. माझ्या दुसऱ्या कॅमेऱ्यात दोन वर्षांनी आभाळाच्या उजव्या कोपऱ्यात एक राखाडी डाग दिसू लागला. दुरुस्तीला टाकला, सव्वा महिन्याने परत आला, आणि आणखी आठ महिन्यांनी डाव्या बाजूला दुसरा डाग आला. कुणाला दोष देत नाही, तो खिसा माझा होता. आता दर महिन्याला खिसा उलटा करून झटकतो आणि कॅमेरा एका पातळ, बंद कापडी पिशवीत ठेवतो. त्याने एक सेकंद जातो. दुसऱ्या रकान्यातला एक सेकंद तिसऱ्या रकान्यासाठी दिला, असं समजतो.

वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यांनी तर ही परीक्षा केल्याशिवाय घेऊच नये: अॅपर्चर सगळ्यात लहान, म्हणजे एफ/१६ किंवा असेल ते, मग कोऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा एक फोटो, आणि तो मोठा करून कोपऱ्यांसकट बघायचा. एफ/२.८ वर धूळ लपते. आज हे जास्त महत्त्वाचं झालंय, कारण नव्या कॅमेऱ्यांत निवडीला फारसा वाव उरलेला नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली असे लेन्स न निघणारे डिजिटल कॅमेरे जगभरच्या बाजारात दहा कोटींहून जास्त गेले होते. २०२३ साली वीस लाखही नाहीत. म्हणून लोक जुन्याकडे वळतात, आणि जुन्यात आत काय साचलंय ते तक्ता सांगत नाही.

बॅटरीचं थोडक्यात. छोट्या कॅमेऱ्यात छोटी बॅटरी, त्याला इलाज नाही. जीआर ३ चा अधिकृत आकडाच सुमारे २०० फोटोंचा आहे. एक जादा बॅटरी डाव्या खिशात ठेवली की तो विषय संपतो, फक्त ती नाण्यांबरोबर सुटी ठेवू नये, धातूने टोकं जोडली जाऊ शकतात. प्लास्टिकच्या डबीत ठेवावी.

माझी विनंती अशी आहे. हा विषय पुरवणीत पुन्हा घ्याल, तेव्हा तक्त्यात हे तीन रकाने घाला: खिशात ठेवलेल्या अवस्थेतली जाडी, खिशातून पहिल्या फोटोपर्यंत एका हाताने लागणारा वेळ, आणि धूळ शिरली तर कॅमेरा उघडून साफ करून मिळतो का. पहिले दोन आकडे फूटपट्टी आणि घड्याळाने एका दुपारी मोजून होतील. तिसऱ्यासाठी दुरुस्ती करणाऱ्या चार कारागिरांना फोन करावा लागेल, तो जरूर करा. आणि लेख लिहिणाऱ्याने तो कॅमेरा निदान महिनाभर स्वतःच्या खिशात वागवलेला असावा, कामाच्या दिवसांत.

आपला,
एक नियमित वाचक, लिफ्ट मेकॅनिक